वाळूतली ट्रायल

महबूला, कुवेत
२० नोव्हेंबर १९९८

मिस्त्री,

पाया पडतो. काकींनाही सांगा. चार महिने पत्र नाही म्हणून शिव्या घालत असाल, त्या खुशाल घाला, पण आधी हे पुरतं वाचा. या खेपेला मला तुमची खरोखरच गरज आहे.

आमचा कफील मजीद, ज्याच्या फिंतासच्या गॅरेजात मी कामाला आहे आणि ज्याच्या सहीवर माझं इथलं राहणं आहे, त्याची थोरली मुलगी बदरिया. वीस वर्षांची, कॉलेजात जाते. गेल्या वर्षी गाडीच्या अपघातात तिचा डावा पाय कामातून गेला. पाय जागेवर आहे, पण गुडघ्याखाली जोर नाही. पट्ट्यांचा बूट आणि काठी घेऊन चालते.

थंडी पडली की इथली माणसं वाळवंटात तंबू ठोकून राहायला जातात, मार्चपर्यंत. तिथे सगळ्यांचा जीव एका गाडीत, तिला ही माणसं बगी म्हणतात. चार फुगीर चाकं, वर मोटरसायकलीची सीट आणि हँडल, आणि ॲक्सिलरेटर मुठीत नाही तर उजव्या अंगठ्याने दाबायचा. पोरी-पोरं सगळी वाळूच्या टेकड्यांवर ती पळवतात. बदरियाही पळवायची, भावांच्या पुढे असायची म्हणे. गेला हिवाळा तिने तंबूत म्हाताऱ्या बायकांबरोबर चहा ओतण्यात काढला. यंदा बापाला तिने सांगितलं, मला माझी बगी हवी, आणि मला मागे बसवून कोणी फिरवायचं नाही.

मजीदने मला बोलावलं. म्हणाला, "शत्रू," (पूर्ण नाव त्याला झेपत नाही) "तीन गाड्या मागवल्या आहेत, चालवून बघ. तू म्हणशील ती घेईन. पण ती पडली तर मी तुलाच विचारीन." हे तो रागाने बोलला नाही हो. बोलताना त्याचे डोळे भरले होते, म्हणूनच मला जास्त भीती वाटली.

काल तिन्ही चालवल्या. लाल: पाच गिअर, क्लच, इंजिन असं की दाबलं की माणूस मागेच राहतो. निळी: गिअर आहेत पण क्लच नाही, पायाने नुसता गिअर टाकायचा. हिरवी: ना गिअर ना क्लच, आत पट्टा, अंगठा दाबला की चालली. हिरवी अगदीच बाळबोध वाटली आणि चढावर पट्ट्याचा वास आला. माझा कौल निळीला. क्लचची कटकट नाही, जोर भरपूर, आणि डाव्या टाचेने गिअर मारता येईल असं वाटतं. तुमचं मत कळवा, मगच मी तोंड उघडीन.

तुमचा
शत्रुघ्न


कसाल
३ डिसेंबर १९९८

चि. शत्रुघ्न,

आशीर्वाद आहेतच, पण आधी तुझा कान धरतो.

मेल्या, तू तीन गाड्या चालवल्यास त्या कोणाच्या पायांनी? तुझ्या ना? मग ती ट्रायल तुझी झाली. गाडी तू घेणार आहेस काय?

सात वर्षं माझ्या हाताखाली राहिलास आणि एवढं विसरलास. दूधवाल्याची गाडी दुरुस्त केली की मी तुला चारी कॅन पाणी भरून लावायला सांगायचो आणि मगच ओरोसपर्यंत पाठवायचो. भटजीबुवांची स्कूटर तुला धोतर नेसवून चालवायला लावली होती, आठवतं? अख्खा कसाल नाका हसत होता. पण धोतर मागच्या चाकात जातं हे त्याच दिवशी कळलं. ट्रायल घ्यायची ती गिऱ्हाइकाच्या अंगाने. आखातात गेलास म्हणून हे बदललं नाही.

आता ऐक. डावा पाय बांध. नुसता उचलून धरू नको, उचललेला पाय अडचणीला खाली येतोच. गुडघ्यापासून खाली दोन फळ्या लाव आणि घट्ट आवळ. मग तिन्ही गाड्या पुन्हा चालव. चढ, उतार, आणि मुख्य म्हणजे डावीकडचं वळण. डावीकडे वळताना तुझं डोकं त्या पायावर भार टाकायला जाईल. पाय तिथे नाही हे डोक्याला लवकर पटत नाही. महिने लागतात. त्या क्षणी माणूस पडतो, आणि पडल्यावर त्याला कळत नाही की आपण का पडलो. तिचं तेच होणार, म्हणून आधी तुझं होऊ दे.

गाडीवर चढताना उजव्या बाजूने चढायचं. उतरताना काठी कुठे ठेवायची ते आधी ठरव, नाहीतर ती गाडीवर आणि काठी दहा हात लांब, मग हाक मारायची वेळ येते. हाक मारणं फार वाईट वाटतं माणसाला.

हे मला कसं माहीत म्हणशील, तर ओरोसचं एक गिऱ्हाईक आहे माझं. साखरेने डावा पाय गेला त्याचा. त्याच्याकडून ऐकलेलं.

इकडे कामाची गर्दी आहे, म्हणून आवरतो.

दिनकर


महबूला
१८ डिसेंबर १९९८

मिस्त्री,

पाया पडतो, तोही एका पायाने, कारण दुसरा अजून सुजलाय.

तुम्ही सांगितलंत तसं केलं. तंबूच्या मागे जाऊन फळ्या लावल्या. मजीदचे पुतणे हसत सुटले, एकाने फोटोही काढला. बदरिया खुर्चीवर बसून बघत होती, ती मात्र हसली नाही.

लाल गाडी जागची हलवतानाच बंद पडली. निळीवर पहिला गिअर कसाबसा टाच आपटून टाकला. चढावर दुसऱ्यातून पहिल्यात यायचं होतं, टाच नुसतीच लोखंडावर घसरत राहिली, गाडी थांबली आणि मागे यायला लागली. मी उजवीकडे उडी टाकली. खांदा आणि गुडघा सोलवटला, गाडी धड आहे. घरी योगिनीला कळवू नका, ती देवगडात बसून नवऱ्यासाठी नवस बोलत सुटेल. ज्या गाडीला मी कौल दिला होता, तिच्यावर ती मुलगी पहिल्याच दिवशी मागे आली असती. 

मग हिरवी. डावीकडे वळलो आणि तुम्ही लिहिलंत तेच झालं, हुबेहूब. नसलेल्या पायावर भार द्यायला गेलो आणि कलंडलो. पण गाडी सावकाश होती, पडलो नाही. दहा चकरांनंतर जमायला लागलं. भार मांडीने पेलायचा, हे उमगलं. उतारावर ती मोकळी सुटते, इंजिन धरून ठेवत नाही, म्हणून ब्रेक आधीपासून दाबायला लागतो. ब्रेक हाताला आहे, उजव्या पायालाही आहे. चढावर वास येतो तो मीच अंगठा फार दाबत होतो म्हणून.

तेव्हा हिरवी. मजीदला सांगितलं, त्याने मान डोलावली. पण बदरियाने काठी आपटली. तुटक्या हिंदीत मला म्हणाली, "ये बच्चों का है. मेरा भाई हँसेगा. गिअर नहीं तो क्या चलाया?" आणि लंगडत तंबूत गेली. बाप म्हणतो तिला पटव, नाहीतर कुठलीच नको. आता रोजे सुरू होतील, म्हणजे ईदपर्यंत वेळ आहे. काय सांगू तिला?

आमच्या खोलीतला यूनुस खारेपाटणचा, सुट्टीवर घरी निघालाय. त्याच्याबरोबर तुमच्यासाठी सेफ्टीचे जोडे पाठवतोय, पुढे लोखंडी टोपी असलेले. माप आठ, मला पाठ आहे. जॅक पायावर पडला तरी काही होणार नाही. नेसत्या धोतरावर घालू नका म्हणजे झालं.

शत्रुघ्न


कसाल
२ जानेवारी १९९९

चि. शत्रुघ्न,

रेडिओवर इराकवर बाँब पडल्याचं ऐकून तुझी काकी देव पाण्यात घालून बसली होती. तुझं पत्र आलं तेव्हा देवांची सुटका झाली. खांद्याला हळद लाव, आणि पडलास ते बरं केलंस, तुझ्या जागी ती पडली असती.

आता त्या पोरीला काय सांगायचं ते लिहितो. हिंदीत कर, पण मऊ करू नको.

तिला सांग, गिअर टाकणं म्हणजे गाडी चालवणं नव्हे. गिअर हा गाडीचा नखरा आहे. कुठे जायचं ते ठरवणं आणि तिथे पोचणं, हे चालवणं. तिचे भाऊ हसतील, हसू देत. पहिले आठ दिवस हसतील. नंतर त्यांनाच एखाद्या दिवशी ती हिरवी मागून घ्यावी लागेल. माणसं हसतात ती नव्या गोष्टीला. तंबूत बसून राहिली तर मात्र कोणी हसणार नाही. सगळे गप्प राहतील, चहा आणून देतील, उशी नीट करतील. ते हसण्यापेक्षा शंभर पटींनी वाईट. त्या उशीची सवय लागते, आणि एकदा लागली की माणूस दारात उभ्या असलेल्या गाडीकडेही बघत नाही.

तिला सांग, लाज ही पायात नसते. सोपी गाडी घेतली म्हणून कोणी लहान होत नाही.

आणि एक काम कर. हँडलवर इंजिन बंद करायचं बटण असेल, त्याला दोरी बांधून तिच्या मनगटाला अडकव. ती पडली तर गाडी तिथल्या तिथे बंद पडेल.

जोडे अजून आले नाहीत. एवढं करायची गरज नव्हती.

दिनकर


महबूला
११ जानेवारी १९९९

मिस्त्री,

पाया पडतो.

तुमचं पत्र मी तिला वाचून दाखवलं. फिंतासच्या घरी, दुपारी, बाप आणि आई बसलेली होती. मी एक वाक्य मराठीत वाचायचो आणि हिंदीत सांगायचो, मजीद ते आईला अरबीत सांगायचा. उशीचं आलं तेव्हा आई उठून आत गेली. तिच्या हातात खरंच उशी होती, मुलीच्या पायाखाली द्यायला आणलेली.

 बदरिया म्हणाली, हे ज्याने लिहिलंय त्याला कसं माहीत? मी ओरोसच्या गिऱ्हाइकाचं सांगितलं. ती म्हणाली, "उस आदमी को पूछो, वो कौन सी चलाता है? जो वो चलाता है, वैसी मैं लूँगी."

तेवढं विचारून लगेच लिहा. त्याच्याकडे बाजूला चाकं लावलेली स्कूटर आहे की मोपेड आहे, काय आहे ते. ईद झाली की आठवड्याभरात मजीद ठरवणार. या एका उत्तरावर सगळं अडलंय.

शत्रुघ्न


महबूला
२९ जानेवारी १९९९

मिस्त्री,

ईद झाली. तुमचं पत्र नाही. मुलगी रोज बापाकडून निरोप पाठवते, की इंडियातून जवाब आला का. मजीदने गाड्यांवाल्याला आणखी पंधरा दिवस थांबवून ठेवलंय. एवढी कसली गर्दी आहे गॅरेजात? एक ओळ लिहायची आहे. माझ्यावर राग धरला असाल तर मला रागवा, तिला अडकवू नका.

शत्रुघ्न


कसाल
२ फेब्रुवारी १९९९

चि. शत्रुघ्न,

प्रेमाकाकीचे आशीर्वाद. हे पत्र मी यांना न सांगता लिहिते आहे. पोस्टात टाकायला शेजारच्या रूपालीकडे देईन.

यूनुस जोडे घेऊन आला होता. फार चांगले आहेत. तू दोन पाठवलेस, यांना एकच लागतो.

ओरोसचं गिऱ्हाईक कोणी नाही बाबा. ते हेच. गेल्या शिमग्याच्या आधी पायाला तार लागली, साखर होती ती आम्हाला माहीत नव्हती, बरं होईल म्हणत यांनी अंगावर काढलं. गोव्याला नेलं तोवर डावा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. तुला कळवायचं नाही म्हणून मला शपथ घातली. म्हणाले, पोरगा तिकडे एकटा आहे, त्याला माझ्या किवेचं ओझं नको. यूनुसलाही तीच शपथ घातली.

गॅरेजला शिमग्यापासून कुलूप आहे. गर्दी कसली नि काय. हे दिवसभर ओट्यावर बसतात, तोंड भिंतीकडे. भावाच्या मुलाने, नंदूने, बाजूला दोन चाकं लावून स्कूटर करून आणली, अगदी दारात उभी केली. हे म्हणाले, ती बाजारात नेली तर लोक म्हणतील दिनकर मिस्त्रीचं खेळणं बघा. सात महिने झाले, गोणपाट टाकून ठेवलीय. मी संडासापर्यंत हात देते तेवढंच यांचं चालणं.

त्या गाड्यांची तुझी पत्रं यायला लागली तेव्हा पहिल्यांदा यांनी कागद मागितला. तुला लिहिताना आधीचे मिस्त्री दिसायचे रे. मला वाटलं, देवाने वाट दाखवली. मग त्या मुलीचा प्रश्न आला. वाचला, घडी घातली, उशीखाली ठेवला. त्या दिवसापासून माझ्याशीही बोलत नाहीत.

तूच काय ते लिही. मी थकले.

प्रेमाकाकी


महबूला
१४ फेब्रुवारी १९९९

मिस्त्री,

पाया पडतो असं लिहायला बसलो आणि पेन पुढे जाईना. दहा वर्षं लिहितोय, कधी विचार केला नव्हता. तरी लिहितो. जो आहे त्याच्या पाया पडतो.

काकींवर रागवायचं नाही. रागवायचंच असेल तर मी तुमच्यावर रागवलोय ते आधी ऐका.

ओझं नको म्हणून सांगितलं नाहीत? माझा बाप गेला तेव्हा मी सतरा वर्षांचा होतो. तुम्ही देवगडला येऊन मला उचलून आणलंत, तेव्हा मी ओझं नव्हतो काय? मी इथून जोडे पाठवतो आणि तुम्ही ते हातात घेऊन बसता, मला काय वाटेल याचा विचार केलात? यूनुस परत आला तो माझ्याकडे बघतच नव्हता. मी समजलो त्याने जोडे वाटेत विकले. तसं त्याला तोंडावर बोललोसुद्धा. काकींचं पत्र आल्यावर मला त्याचे हात धरून माफी मागावी लागली. मग आम्ही दोघं रडलो, खोलीतले बाकीचे डाळ ढवळायचं सोडून बघत राहिले.

आता त्या मुलीचं. काकींचं पत्र आल्यावर मी दोन दिवस तिचे निरोप टाळले. खोटं सांगणं सोपं होतं. मोपेड चालवतो म्हणालो असतो की तिने हिरवी घेतली असती. पण माझ्या शब्दावर ती टेकडी चढणार. मला जमेना. मी खरं सांगितलं: की ते गिऱ्हाईक म्हणजे माझे मिस्त्रीच, आणि ते कुठलीच चालवत नाहीत. दारात गाडी आहे, वर गोणपाट आहे.

मला वाटलं संपलं. मजीदने माझ्याकडे असं बघितलं की मी मनात बॅग भरायला घेतली. बदरिया मात्र हसली, कडू हसली, आणि म्हणाली, "तो वो भी तंबू में है." मग बापाला अरबीत काहीतरी सांगितलं. बापाने मला सांगितलं ते असं: ती म्हणते, त्या माणसाने लिहिलेलं सगळं खरं आहे. त्याला करता येत नाही म्हणून ते खोटं होत नाही. हिरवी आणा.

परवा, शुक्रवारी, ती बसली. उजव्या बाजूने चढली. काठीसाठी मी हँडलखाली दोन कड्या जोडल्या होत्या. मनगटाला दोरी. पहिल्या डाव्या वळणावर कलंडली, वाळूत पडली, गाडी जागीच बंद. आई किंचाळली, मजीद धावला, तिने हात वर करून सगळ्यांना थांबवलं. उठायला तिला खूप वेळ लागला. कोणी हात दिला नाही. हिमतीने उभा होता बाप, नखं तळव्यात रुतवून. ती पुन्हा बसली. तिसऱ्या फेरीला मोठी टेकडी चढली आणि पलीकडे उतरली. पलीकडचं आम्हाला दिसत नव्हतं. नुसता आवाज येत होता, तुम्ही शिकवलंत तसा ऐकत राहिलो. इंजिन एकसारखं चाललं होतं. चांगली वीस मिनिटं ती आली नाही, आणि मजीदने मला एक शब्द विचारला नाही.

भाऊ हसले का, तर हसले. धाकट्याने संध्याकाळी एक फेरी मागितली. तिने दिली नाही.

तिने तुमच्यासाठी निरोप दिलाय. शब्द तिचे आहेत, माझे नाहीत. ती म्हणाली, त्यांना सांग, माझी ट्रायल झाली.

मिस्त्री, तुमचं बोलणं तिने ऐकलं. तुम्ही स्वतः ते कधी ऐकणार?

शत्रुघ्न


कसाल
१५ मार्च १९९९

चि. शत्रुघ्न,

प्रेमाला रागवलो नाही. दोन दिवस तुझ्यावर रागावलो, मग ते पत्र परत वाचलं आणि कोणावर रागवावं ते कळेना. उत्तर लगेच दिलं नाही, कारण नुसता कागद भरून पाठवायची मला लाज वाटली. आता पाठवण्यासारखं आहे. ट्रायलचा रिपोर्ट आहे, तू लिहितोस तसाच.

गिऱ्हाईक: दिनकर गोविंद सुतार, वय सत्तावन्न, डावा पाय गुडघ्याखाली नाही.

हे वाक्य लिहायला मला एक वर्ष आणि तीन कागद लागले.

गाड्या पाहिल्या तीन. पहिली, माझी जुनी मोटरसायकल. तिच्यावर नुसता बसलो, गिअरकडे बघितलं आणि उतरलो. ती नंदूला देऊन टाकली, त्याचे दोन्ही पाय धड आहेत. देताना रडू आलं, ते तुला सांगतो, दुसऱ्या कोणाला सांगितलेलं नाही. दुसरी, मोपेड. हलकी आहे, पण थांबलं की डावीकडे कलते आणि तिथे टेकायला माझ्याकडे काही नाही. सिग्नल नसलेल्या गावात चालेल, पण आपल्या नाक्यावर गुरं थांबवतात. तिसरी, दारातली, बाजूला दोन चाकं असलेली. वळणावर जड, दिसायला भिकार, खड्ड्यात डावं चाक आपटतं तेव्हा मणक्याला कळतं. नंदूने चाकं अर्धा इंच खाली लावलीत, ती मी वर घेतली. कामाला तीच.

ट्रायल घेतली मंगळवारी, बाजारच्या दिवशी. मुद्दाम. माणसं नसलेल्या वेळी घेतली असती तर ती ट्रायल गिऱ्हाइकाच्या अंगाने झाली नसती. नाक्यावर सगळे होते. पानवाला हसला, मासळीवाल्या हसल्या, एकीने विचारलं, "मिस्त्रीनू, ह्या काय आणलास?" मी म्हटलं, गाडी. ती म्हणाली, मग माझी टोपली घे ओरोसपर्यंत. घेतली. सहा किलोमीटर बांगड्याचा वास नाकात घेऊन गेलो, वाटेत डाव्या वळणावर एकदा घाम फुटला, पण मांडीने पेललं.

परतताना प्रेमा नाक्यावर उभी होती, मला शोधायला धावत आलेली, पायात चप्पल नव्हती. म्हटलं, बस मागे. लग्नाला एकतीस वर्षं झाली, ट्रायलच्या गाडीवर मी तिला कधी बसवलं नव्हतं, अपशकुन म्हणायचो. ती बसली आणि घर येईपर्यंत माझ्या पाठीला डोकं टेकून रडत होती. मी तिला गप्प केलं नाही.

रिपोर्ट संपला. गिऱ्हाइकाला मी सांगितलं, ही गाडी घे.

तुझा
दिनकर